जलतरण तलावांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेतील संघीय अनुदान: आपल्या शहराकडून अर्ज कसा करवून घ्यावा

अमेरिकेत १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांमध्ये पाण्यात बुडणे हे पहिल्या क्रमांकावर आहे, आणि या वयाची मुले बहुतेक वेळा पोहण्याच्या तलावातच बुडतात. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण आपल्यापैकी अनेकांचे पहिले घर तलाव असलेल्या अपार्टमेंटच्या वसाहतीत असते, आणि नातवंडे सांभाळायला भारतातून आलेल्या आजी-आजोबांनी तलावाच्या फाटकाची कडी कशी असावी, याचा विचार करण्याचा प्रसंग आयुष्यात कधी आलेला नसतो. गावच्या विहिरीवर किंवा नदीच्या डोहावर मूल एकटे गेले, तर चार माणसे हटकत असत. वसाहतीतल्या तलावाशी दुपारी दोन वाजता चिटपाखरू नसते, आणि पाण्यात पडलेले लहान मूल हाका मारत नाही, ते आवाज न करता बुडते.

या धोक्यावर संघीय सरकारचा एक अनुदान कार्यक्रम आहे. ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेला ‘कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन’ हा आयोग तो चालवतो आणि त्याचे नाव ‘पूल सेफली ग्रँट प्रोग्रॅम’ असे आहे. हे अनुदान व्यक्तीला, घरमालकांच्या संघाला किंवा महाराष्ट्र मंडळाला मिळत नाही. ते राज्य सरकारांना आणि काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), शहर अशा स्थानिक शासनसंस्थांना मिळते. त्यामुळे हा लेख अर्ज कसा भरावा यापेक्षा, आपल्या शहराला किंवा काउंटीला अर्ज करण्यास कसे प्रवृत्त करावे आणि त्या अर्जाला बळ कसे द्यावे, याविषयी आहे. नागरिकाने नेटाने पाठपुरावा केला नाही, तर पुष्कळ लहान शहरांत हा कार्यक्रम कोणाच्या लक्षातही येत नाही, असे माझे मत आहे.

आधी कायद्यामागची हकिकत समजून घ्यावी

जून २००२ मध्ये ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबमध्ये बुडून मरण पावली. ती उत्तम पोहणारी होती. टबच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या तोंडाला पंपाची एवढी ओढ होती, की तिचे शरीर तेथे चिकटले आणि आईने सगळी ताकद लावूनही ते सुटले नाही. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात होती. तिची आई नॅन्सी बेकर यांनी पुढे काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर साक्ष दिली, खासदार डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांनी विधेयक लावून धरले, आणि १९ डिसेंबर २००७ रोजी ‘व्हर्जिनिया ग्रॅम बेकर पूल अँड स्पा सेफ्टी ॲक्ट’ या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. बरोबर एक वर्षाने तो लागू झाला. सार्वजनिक तलावांच्या निचऱ्यांवर ओढ विभागणारी प्रमाणित झाकणे बसवणे त्याने बंधनकारक केले, आणि अनुदानाची तरतूदही याच कायद्यात आहे.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे, की अनुदानाचा हेतू तिच्यातूनच कळतो. नवा तलाव बांधणे किंवा जुन्या तलावाच्या फरश्या बदलणे यासाठी हा पैसा नाही. तलाव-सुरक्षेचा कायदा प्रत्यक्षात पाळला जावा यासाठी निरीक्षक नेमणे, त्यांना प्रशिक्षण देणे आणि लोकांना शिकवणे यासाठी तो आहे. मूळ कायद्यात किमान निम्मी रक्कम अंमलबजावणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर खर्च करण्याची अट होती. ज्या वर्षी अर्ज करायचा, त्या वर्षी निघणाऱ्या निधीच्या सूचनेत हे प्रमाण किती दिले आहे, ते पाहून मगच अंदाजपत्रक आखावे.

पहिली पायरी: आपल्या भागातला कायदा पात्र ठरतो का, ते तपासावे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण अर्ज कितीही सुंदर लिहिला, तरी त्यामागे कायदा नसेल तर तो विचारातच घेतला जात नाही. अर्जदाराकडे तलाव-सुरक्षेचा असा कायदा असावा लागतो, जो संघीय कायद्यातल्या किमान अटी पूर्ण करतो आणि ज्यात अंमलबजावणीची तरतूद आहे. थोडक्यात सांगायचे, तर त्या अटी अशा आहेत: घरांच्या बाहेरच्या आवारातील सर्व तलावांना आणि स्पांना (गरम पाण्याच्या टबना) लहान मूल एकटे आत जाऊ शकणार नाही असा अडथळा असावा, निचऱ्यात शरीर किंवा केस अडकू नयेत अशी साधने बसवलेली असावीत, नव्याने बांधलेल्या तलावात एकाहून अधिक निचरे, किंवा शरीराने झाकला जाणार नाही असा मोठा निचरा असावा, किंवा तळाचा निचरा मुळीच नसावा, मुख्य निचऱ्यावर झाकण असावे, आणि घरगुती तलावांच्या मालकांना या नियमांची ठरावीक काळाने आठवण दिली जावी.

राज्याराज्यांतले कायदे वेगवेगळे आहेत. कॅलिफोर्नियात २०१८ पासून नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या घरगुती तलावाला सात उपायांपैकी किमान दोन उपाय योजावे लागतात. काही ठिकाणी राज्याचा कायदा त्रोटक असतो, पण शहराने ‘इंटरनॅशनल स्विमिंग पूल अँड स्पा कोड’ ही नियमावली स्वीकारलेली असते आणि तिच्यात कुंपणाचे व निचऱ्याचे तपशीलवार नियम असतात. म्हणून आपल्या शहराची नियमसंहिता संकेतस्थळावर उघडून बांधकाम आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन प्रकरणे वाचावीत. वाचताना एक साधा तक्ता करावा: डाव्या बाजूला संघीय कायद्यातली अट, उजव्या बाजूला आपल्या भागातले त्या अर्थाचे कलम आणि त्याचा क्रमांक. उजवीकडे एखादी जागा रिकामी राहिली, तर निराश होण्याचे कारण नाही. त्या वर्षी नियमात दुरुस्ती करवून घेण्याचा प्रयत्न करावा आणि अर्ज अनुदानाच्या पुढच्या फेरीसाठी ठेवावा. नियम सुधारला गेला, तर अनुदान न मिळताही काही मुलांचे प्राण वाचतील.

दुसरी पायरी: योग्य खाते आणि योग्य माणूस गाठावा

सार्वजनिक तलावांची तपासणी बहुतेक ठिकाणी काउंटीचे आरोग्य खाते करते, तर घरगुती तलावाच्या कुंपणाचा परवाना शहराच्या बांधकाम विभागाकडे असतो. अर्जासाठी या दोघांपैकी एकाने पुढाकार घ्यावा लागतो आणि दुसऱ्याने साथ द्यावी लागते. प्रथम तलावांची तपासणी करणाऱ्या पर्यवेक्षकाला लेखी विचारावे, की आपल्याकडे किती तलाव आहेत, निरीक्षक किती आहेत, आणि एका तलावाची पाळी किती महिन्यांनी येते. ही माहिती मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि तिची उत्तरे बोलकी असतात. आमच्या वसाहतीतल्या तलावाचे फाटक कित्येक आठवडे आपोआप बंद होत नव्हते. तक्रार केल्यावर कळले, की संपूर्ण भागासाठी एकच निरीक्षक होता आणि त्याच्याकडे उपाहारगृहांच्या तपासणीचेही काम होते. त्या माणसाचा दोष नव्हता. अनुदान नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी आहे, हे मला तेव्हा उमगले.

यानंतर सिटी कौन्सिलच्या किंवा काउंटी बोर्डाच्या सभेत नागरिकांसाठी राखलेल्या वेळात बोलावे. तेथे साधारण दोन-तीन मिनिटे मिळतात, म्हणून भाषण लिहून न्यावे आणि शेवटी एकच स्पष्ट मागणी ठेवावी: या अनुदानासाठी अर्ज करण्याच्या सूचना संबंधित खात्याला द्याव्यात.

तिसरी पायरी: गरज आकड्यांनी सिद्ध करावी

‘आमच्याकडे मुले बुडतात’ असे लिहून चालत नाही. मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पोहण्याच्या तलावात असताना बुडण्याला डब्ल्यू ६७ आणि तलावात पडून बुडण्याला डब्ल्यू ६८ असे संकेतांक आहेत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या ‘वंडर’ या सार्वजनिक माहितीसाठ्यात हे संकेतांक निवडून काउंटीनुसार शोध घेता येतो. मात्र दहापेक्षा कमी मृत्यू असतील, तर गोपनीयतेसाठी तेथे आकडा दाखवला जात नाही. अशा वेळी अनेक वर्षांची बेरीज घ्यावी, किंवा काउंटीऐवजी राज्याचा आकडा घेऊन त्याला स्थानिक अग्निशमन दलाकडील आपत्कालीन बोलावण्यांच्या नोंदींची जोड द्यावी. जी मुले वाचली, पण मेंदूला इजा होऊन कायमची परावलंबी झाली, ती मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाहीत; त्यांच्यासाठी रुग्णालयांतील आपत्कालीन विभागांची राज्यस्तरीय आकडेवारी पाहावी.

बाकीची गरज तपासणीच्या नोंदींतून दिसते. किती तलावांवर जुनी झाकणे आढळली, किती फाटकांच्या कड्या नादुरुस्त होत्या, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणीला कोणी गेले का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

चौथी पायरी: नोंदणीची कामे सूचना निघण्याआधी उरकावीत

निधीची सूचना संघीय सरकारच्या ‘ग्रँट्स डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर निघते आणि अर्जही तेथेच स्वीकारला जातो. काँग्रेसने त्या वर्षासाठी किती निधी मंजूर केला, यावर फेरी निघणे अवलंबून असते; म्हणून कार्यक्रमाच्या नावाने तेथे ईमेलची सूचना लावून ठेवावी. अर्जदार संस्थेची ‘सॅम डॉट गव्ह’ या संघीय नोंदणीच्या संकेतस्थळावर चालू नोंदणी असावी लागते आणि ती दरवर्षी नूतनीकृत करावी लागते. संस्थेचा विशिष्ट ओळख क्रमांकही तेथेच मिळतो. एप्रिल २०२२ पासून ‘डन्स’ या जुन्या ओळख क्रमांकाच्या जागी तो वापरला जातो. शहरांची नोंदणी सहसा झालेली असते, पण तिची मुदत नेमकी अर्जाच्या आठवड्यात संपलेली आढळणे ही ऐकिवातली अडचण आहे. खात्याच्या अधिकाऱ्याला ती आधीच तपासायला सांगावे. ही नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या पत्रांकडे दुर्लक्ष करावे.

पाचवी पायरी: कामाचा आराखडा आणि अंदाजपत्रक

अर्ज खात्याचे कर्मचारी लिहितील, पण मसुदा वाचून सुचवण्याचे काम नागरिक करू शकतो. आराखड्यात मोजता येईल अशीच उद्दिष्टे असावीत. ‘जागृती करू’ याऐवजी ‘पहिल्या वर्षात अमुक तलावांची तपासणी करू आणि दोष आढळलेल्या प्रत्येक तलावाची तीस दिवसांत फेरतपासणी करू’ असे वाक्य परीक्षकाला पटते. खर्चात निरीक्षकाचे वेतन, प्रशिक्षण, प्रवास, शिक्षणसाहित्याची छपाई आणि प्रशासनाचा वाटा येतो. ज्या संस्थेकडे अप्रत्यक्ष खर्चाचा, म्हणजे कार्यालय, हिशेब अशा सामायिक खर्चाचा मंजूर दर नाही, तिला संघीय नियमांनुसार ऑक्टोबर २०२४ पासून कमाल १५ टक्क्यांचा ठरावीक दर लावता येतो. त्याआधी तो १० टक्के होता. कायदा बदलण्यासाठी लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करण्याचा खर्च संघीय अनुदानातून करता येत नाही, त्यामुळे पहिल्या पायरीतली नियमदुरुस्ती या पैशात बसवू नये.

तपासणीत काय पाहायचे, हेही आराखड्यात नेमके लिहावे. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुंपणाची उंची किमान ४ फूट असावी, गजांमधून ४ इंचांचा गोळा जाऊ नये, फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे बाहेर उघडावे, आणि सोडल्यावर आपोआप बंद होऊन कडी आपोआप लागावी. फाटकाला टेकवून ठेवलेली खुर्ची किंवा कुंपणाशेजारी ठेवलेली फुलांची मोठी कुंडी ही लहान मुलासाठी शिडीच असते. निरीक्षकांच्या प्रशिक्षणात याचाही समावेश व्हावा.

शिक्षणाच्या भागात मराठी मंडळांना खरे काम आहे. ‘पूल सेफली’ मोहिमेचे साहित्य इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, पण दुपारी बाळाला फिरवायला नेणाऱ्या आजीला मराठी, गुजराती किंवा तेलुगूतले एक पान अधिक उपयोगी पडेल. भाषांतर, गणेशोत्सवातला कक्ष आणि वसाहतीतले छोटे मेळावे यांची जबाबदारी घेण्याची तयारी मंडळाने लेखी कळवावी. ते समर्थनपत्र अर्जाला जोडता येते. स्थानिक बालरोगतज्ज्ञांचे आणि अग्निशमन दलाचे पत्रही मिळवावे. पत्रात गुणगौरव नको. कोण, कोणते काम, किती तास करणार, एवढेच असावे.

अर्ज सादर झाल्यावर

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. किमान दोन दिवस आधी अर्ज दाखल करून तो स्वीकारला गेल्याची पोच जपून ठेवावी. अनुदान मंजूर झाले, तर ते स्वीकारण्याचा ठराव अनेक शहरांत कौन्सिलला करावा लागतो, आणि त्या सभेलाही आपण उपस्थित राहावे. ठरलेल्या मुदतीत प्रगतीचे आणि खर्चाचे अहवाल द्यावे लागतात, काम संपल्यावर १२० दिवसांत अंतिम अहवाल द्यावा लागतो, आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे तीन वर्षे कागदपत्रे सांभाळावी लागतात. नामंजूर झाले, तर परीक्षकांचे अभिप्राय मागवून घेण्यास अधिकाऱ्याला सांगावे आणि पहिल्या पायरीतला तक्ता व तिसऱ्या पायरीतले आकडे पुढच्या फेरीसाठी अद्ययावत ठेवावेत. तोवर आपल्या वसाहतीतले फाटक रोज हाताने उघडून सोडून पाहावे, आणि ते स्वतःहून बंद होऊन कडी लागली नाही, तर त्याच दिवशी व्यवस्थापनाला आणि आरोग्य खात्याला लेखी कळवावे.