पंप पाण्याला लावायच्या आधी व्होल्ट आणि अँपिअर मोजून घ्या

नरकासुर जाळून झाला, दिवाळी झाली, आता कुळागरात पोफळींना पाणी सोडायचे दिवस आले आणि वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, तयारीपण सुरू होईल. म्हणजे पावसात चार महिने बंद पडून असलेला पंप आता रोज चालणार. बहुतेक जण काय करतात, स्विच मारतात, पाणी आलं की झालं. मीपण तेच करायचो आणि एकाच सीझनला माझं दोनदा वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, जळालं. दोन्ही वेळा रिवाइंडिंग करून आणलं, मोटारच खराब असं धरून चाललो, वायरकडे बघितलंच नाही.

तिसऱ्यांदा जळायच्या आधी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने पंप चालू असताना घरच्या मेनवर व्होल्टेज बघितलं, २२० व्होल्ट. मग खाली विहिरीकडे जाऊन पंपाच्या टर्मिनलला बघितलं तर १९५! वायरभोवती अडकवून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर ८ अँपिअर, आणि पंपाच्या प्लेटवर लिहिलेलं साडेसहा. तिथेच माडाला टेकून त्याने पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. २५ व्होल्ट वाटेत गेले, भागिले ८ अँपिअर, म्हणजे वायरचा रेझिस्टन्स ३.१ ओहम. २५ गुणिले ८ म्हणजे २०० वॉट नुसती वायर तापवण्यात जातात, रोज ५ तास पंप चालवला तर रोज एक युनिट वीज पाणी न काढताच गेली.

वायर होती १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम असतो. विहीर १३० मीटरवर, पण करंट जातो आणि परत येतो म्हणून २६० मीटर धरायचे, की तेच ३.१ ओहम येतात. जाऊन-येऊन धरायचं हे खूप जण विसरतात आणि हिशेब अर्धाच निघतो. ४ स्क्वेअर एमएमची केबल किलोमीटरला साधारण ४.६ ओहम, ती टाकल्यावर साडेसहा अँपिअरला वाटेत ८ व्होल्टसुद्धा जात नाहीत. ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते म्हणून घेणार असाल तर रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तेवढी जाड घ्यावी लागते.

व्होल्टेज कमी म्हणजे मोटार हळू चालेल आणि वाचेल असं काही नाही, उलट भार तोच असतो म्हणून ती जास्त करंट ओढते. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, साडेसहाचे ८ झाले की वाइंडिंगमधली उष्णता दीडपट, मग तारेवरचा एनॅमलचा लेप जळायला कितीसा वेळ लागतो!

सूत्रं तीनच आहेत. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, आणि अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम म्हणजे उष्णतेत गेलेले वॉट. वायरला, हीटरला हे सरळ लागू पडतं. मोटारीला मात्र पॉवर फॅक्टरने (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खरोखर वापरला जाणारा हिस्सा) गुणावं लागतं, २२० गुणिले ६.५ म्हणजे १४३०, आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ११४४ वॉट. पंप १ एचपीचा, म्हणजे ७४६ वॉट ना, मग जास्त का, तर ७४६ हे शाफ्टवर मिळणारे, बाकीचे मोटारीतच जातात. तसंच २२० भागिले ६.५ केलं की ३४ ओहम येतात, पण बंद मोटारीचं वाइंडिंग मल्टिमीटरने मोजलं तर थोडेच ओहम दाखवतो. घाबरू नका, एसीवर कॉइल नुसत्या तारेपेक्षा जास्त अडवते म्हणून हा फरक, मोटार शॉर्ट झाली असं लगेच समजू नका.

मोजताना क्लॅम्प एकाच वायरला लावा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर मीटर शून्य दाखवतो. ओहम मोजायचे तर सप्लाय पूर्ण बंद करूनच. चालू टर्मिनलला हात घालायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, ओल्या पायांनी तर नाहीच नाही.

आकडे वाचायचे कसे? व्होल्टेज ठीक आणि करंट जास्त, तर बेअरिंग जाम असेल नाहीतर इंपेलरला रेती अडकली असेल, कंडेन्सरपण तपासा. करंट नेहमीपेक्षा कमी आणि पाणीपण कमी, तर विहिरीतल्या पाइपच्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकलाय का बघा.

काळ्या टेपचे जोड हात लावून नाही, सप्लाय बंद करून सोडून बघा. सैल जोडात अर्धा ओहम जरी असला तरी ८ अँपिअरला ३२ वॉट त्या अंगठ्याएवढ्या जागेत तयार होतात, सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. एका शेजाऱ्याकडे पोफळीच्या मुळाशी जोड वितळून काळा गोळा झालेला मी बघितलाय.

आणि अर्थिंग. आपली चिऱ्याची जमीन फेब्रुवारी-मार्चला सुकते आणि अर्थचा रेझिस्टन्स चढतो. समजा २० ओहम झाला आणि पंपाच्या बॉडीला फेज लागला, तर २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअरच वाहणार, १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडणारच नाही आणि बॉडी तशीच जिवंत राहणार, वर पोरंबाळं पाण्यात खेळतात. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (एवढासा करंट जमिनीत गळला तरी सप्लाय तोडणारा स्विच) बसवाच, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, आणि पोफळींना पाणी सोडताना दोन बादल्या अर्थच्या खड्ड्यातपण ओता.