फ्रोन्दिसीबद्दल वाचताय? मग या चुका टाळा

अर्जेंटिनात लष्कराने इतकी सरकारं पाडलीत की माणूस कंटाळून नुसती तारीख लक्षात ठेवतो आणि पुढे जातो. तिथला राष्ट्राध्यक्ष आर्तुरो फ्रोन्दिसीच्या बाबतीत ती तारीख 29 मार्च 1962, आणि पहिली गडबड इथेच होते, कारण त्या दिवशी फक्त खुर्ची गेली, वचक अडीच वर्षं आधीच गेला होता.

सप्टेंबर 1959 बघा. युद्धसचिव अनायाने लष्करप्रमुख तोरान्सो मोन्तेरोला पदावरून काढलं, तर हे महाशय जायलाच तयार नाहीत, सरळ बंड पुकारलं. आता राष्ट्राध्यक्षाने कोणाची बाजू घ्यायची? आपल्या सचिवाची ना? फ्रोन्दिसीने सचिवालाच घरी पाठवलं आणि बंडखोर जनरल जागच्या जागी! रक्तपात टळला हे मान्य, पण दम दिला की हा माणूस मागे सरतो हे बराकीतल्या सगळ्यांना कळलं. 1961 मध्ये त्या जनरलला एकदाचं काढलं खरं, पण तोवर दर थोड्या दिवसांनी नव्या मागण्या घेऊन दारात उभं राहायची सवय लागलेली.

दुसरं म्हणजे क्यूबाच्या क्रांतीतला नेता चे गेव्हाराला गुपचूप भेटला म्हणून फ्रोन्दिसीची सत्ता गेली असं सरसकट लिहू नका. ऑगस्ट 1961 ची ती भेट लष्कराला झोंबली यात वाद नाही, पण क्यूबाशी संबंध त्याने फेब्रुवारी 1962 मध्ये दबावाखाली तोडलेच होते. खरं दुखणं माजी राष्ट्राध्यक्ष पेरोन. 1955 मध्ये ज्याला लष्कराने हाकललं त्याच्याशी आतून समझोता करून, त्याच्या समर्थकांच्या मतांवर हा 1958 ला निवडून आलेला, म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन डगरींवर पाय. मग 18 मार्च 1962 च्या निवडणुकीत पेरोनवाद्यांना उभं राहू दिलं आणि ब्युनोस आयर्स प्रांत त्यांच्या फ्रामिनीने जिंकला. घाईघाईने प्रांतांचा कारभार केंद्राच्या ताब्यात घेतला, तरी उपयोग शून्य.

आणि हो, त्याला नुसता बिचारा करू नका. परदेशी तेल कंपन्यांविरुद्ध पुस्तक लिहिणाऱ्या याच माणसाने त्यांच्याशी करार केले (उत्पादन चार वर्षांत जवळपास तिप्पट झालं, तेही सांगा), आणि 1960 मध्ये कोनिन्तेस योजना (देशातली अशांतता मोडायला लष्कराला उतरवायची) लावून संपकऱ्यांना लष्करी कोर्टापुढे उभं केलं. लष्कराला आपल्याच हाताने रस्त्यावर आणलं की!

शेवटाबद्दल पण नीट लिहा. त्याने राजीनामा दिला नाही, त्याला पकडून मार्तीन गार्सिया बेटावर नेलं. सत्तेवर बसायला टपलेल्या लष्करप्रमुख जनरल पोगीच्या आधी सिनेटचा अध्यक्ष गीदोने सुप्रीम कोर्टासमोर शपथ उरकून टाकली, त्यामुळे 'लष्करी राजवट आली' हे चूक. पण त्याच गीदोने पुढे मार्चच्या त्या निवडणुका रद्द केल्या, संसदही बंद केली, आणि तेही लष्कराच्याच सांगण्यावरून, म्हणून 'नागरी सरकार' एवढंच लिहून मोकळे होऊ नका.