विंडोज ११ वर जायचं का? ठरवताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांचा मला एकच प्रश्न असतो: "अपग्रेड करू का?" मी उलट विचारतो, प्रोसेसर कुठला आहे? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "लॅपटॉप आहे. काळा."

आपल्या डब्यात काय आहे हे माहीत नसताना करू की नको हे ठरवता येत नाही. विंडोज ११ चांगलं की वाईट हा वाद त्यानंतरचा. तरीही लोक नेमका तोच वाद आधी घालतात आणि मग घाईघाईत पुढच्या चुका करतात.

"सपोर्ट संपला" म्हणजे पीसी बंद पडणार असं समजणं

पडत नाही. विंडोज १० कालच्यासारखंच चालू होतं. सुरक्षेचे मासिक अपडेट येणं मात्र थांबतं, आणि नेटबँकिंग, आयकर, डीमॅट त्याच मशीनवर चालत असेल तर ही बाब किरकोळ नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ दिली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर ती फुकट, नाहीतर ३० डॉलर. मला विचाराल तर ही मुदतवाढ शांतपणे निर्णय घ्यायला आहे, विषय कपाटात टाकायला नाही.

"माझा आय७ आहे, चालेलच"

नाही चालणार, कदाचित. आय३, आय५, आय७ हा दर्जा झाला, पिढी त्याच्या पुढच्या आकड्यात असते. आय७-३७७० ही तिसरी पिढी, ती विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. आय३-८१०० ही आठवी, ती आहे. इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढे, थोडे अपवाद सोडून, असा साधा हिशोब धरा. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये साधारण २००० मालिकेपासून, पण तिथे अपवाद जास्त, म्हणून यादीच बघा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं अॅप फुकट आहे, दोन मिनिटांत सांगतं. आणि ४ जीबी रॅम ही किमान अट कागदावरची आहे. ८ नसेल तर माझ्या मते विषयच काढू नका.

बॅकअप डी ड्राइव्हला घेणं

याबद्दल मी इतक्यांदा बोललोय की घरचे हसतात. तरी पुन्हा.

सांगलीचे एक काका. निवृत्त, व्यवस्थित, प्रत्येक बिल फाइलला लावणारे. त्यांनी विंडोज ११ इन्स्टॉल करून द्यायला दुकानातल्या पोराला बोलावलं. त्याआधी मी फोनवर विचारलं होतं, "काका, बॅकअप घेतलाय ना?"

"घेतलाय की. सगळं डीला टाकलंय."

"ती डी त्याच हार्ड डिस्कमध्ये आहे, काका. बाहेरच्या डिस्कवर घ्या."

"अरे, सी फॉरमॅट करणार आहे तो. डीला हात लावू नको म्हणून सांगतो ना त्याला."

सांगितलंही असेल. पण पोराला पुढची तीन घरं गाठायची होती. इन्स्टॉल करताना एक पडदा येतो, त्यावर सी, डी, ई अशी नावं नसतात. असतं ते 'ड्राइव्ह ० पार्टिशन १', 'पार्टिशन २', 'पार्टिशन ३'. विंडोज कुठल्यातरी पार्टिशनवर बसेना, तेव्हा त्याने एकेक निवडून डिलीट केलं, खाली 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरेपर्यंत. मग नेक्स्ट. अर्ध्या तासात नवंकोरं विंडोज ११, मधोमध आलेलं स्टार्ट बटण, आणि मुलीच्या लग्नाचे फोटो, काकूंच्या ऑपरेशनचे कागद, सोसायटीचा हिशोब, सगळं गेलं.

इथे एकच गोष्ट बरी झाली: काकांनी मशीन बंद करून मला फोन केला. नवीन काही लिहिलं जाईल तसा जुना डेटा कायमचा पुसला जातो, म्हणून अशा वेळी पहिलं काम वायर काढणं. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून 'फोटोरेक' नावाचं फुकट सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. फोटो बरेचसे आले, पण फोल्डर नाहीत, नावं नाहीत. 'एफ' आणि पुढे सात-आठ आकडे, अशा हजारो फायली. त्यात ब्राउझरने साठवलेली जाहिरातींची चित्रंही मिसळलेली. लग्नाचे व्हिडिओ बहुतेक उघडलेच नाहीत. काकू अजूनही दुपारी बसून त्यातले हळदीचे फोटो वेगळे काढतात.

माझी सवय सांगतो. बाहेरची एक टीबीची डिस्क, तिच्यावर साधं कॉपी-पेस्ट. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सीमध्येच असतं हे लक्षात ठेवून तेही घ्यायचं. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार फायली उघडून बघायच्या. मग डिस्क काढून दुसऱ्या खोलीत ठेवायची. बॅकअपची भारी सॉफ्टवेअर आहेत, वापरणाऱ्यांनी जरूर वापरावीत, पण घरच्या माणसाला कॉपी-पेस्ट समजतं आणि जे समजतं तेच तो करतो. दुकानात मशीन देणार असाल तर जुनी डिस्क काढून घ्या आणि नव्या एसएसडीवर विंडोज टाकायला सांगा. जुनी हार्ड डिस्क असलेल्या पीसीवर विंडोज ११ तसंही सरपटतं.

व्हिडिओ बघत बायोसमध्ये शिरणं

हेल्थ चेकने 'नाही' म्हटलं की लगेच यूट्यूब, आणि तिथून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये. पुष्कळदा टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी मशीनमधली सुरक्षेची सोय) नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू केलं की काम झालं. इथपर्यंत ठीक.

घोळ होतो तो सिक्युअर बूटपाशी. मशीन चालू होताना भलतंसलतं सॉफ्टवेअर रोखणारी ही सोय, तिला बायोसचा जुना लेगसी मोड चालत नाही, नवा यूईएफआय लागतो. आमच्या इमारतीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने व्हिडिओत सांगितलं म्हणून लेगसी मोड बंद करून यूईएफआय चालू केलं. रीस्टार्ट. काळा पडदा, बूट करण्यासारखं काही सापडत नाही असा संदेश. दुकानदाराने फोनवरच हार्ड डिस्क गेली असं निदान केलं आणि भावही सांगून टाकला. डिस्क ठणठणीत होती. जुन्या असेंबल पीसीची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने आखलेली असते आणि यूईएफआयमधून विंडोज चालू व्हायला जीपीटी ही नवी आखणी लागते, एवढंच. बायोसमध्ये लेगसी पुन्हा चालू केलं, पीसी उठून बसला. त्या मुलाला व्हिडिओ पूर्ण बघायलाही धीर नव्हता. पुढच्याच मिनिटाला त्यात हे सांगितलं होतं.

रनमध्ये (विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून उघडतं) 'msinfo32' टाइप करा आणि 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते वाचा. यूईएफआय असेल तर हा परिच्छेद सोडा. लेगसी असेल तर आधी डिस्कची आखणी जीपीटी करायची, मग बायोस बदलायचा. विंडोज १० मध्ये त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहेच. आधी नुसती तपासणी करून घ्यायची, ती पास झाली तरच पुढे. आपल्याकडे ती पास न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे असेंबल करणाऱ्याने हौसेने पाडून दिलेल्या सी, डी, ई, एफ. एक्स्टेंडेड पार्टिशन (एका मोठ्या भागात पाडलेले छोटे भाग) असलं की हे साधन हात वर करतं. मग बॅकअप घेऊन नव्याने टाकणं बरं.

बायोसला हात लावण्याआधी आणखी एक: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर बदल केल्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खातं पाच वर्षांपूर्वी लॅपटॉप विकणाऱ्याने कुठल्यातरी ईमेलवर काढून दिलेलं असतं. की शोधा, कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका. हो, करतात लोक.

जुनं सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. फॉक्सप्रोच्या काळातला डॉसचा बिलिंग प्रोग्रॅम ३२-बिट विंडोज १० वर अजून चालत असेल तर इकडे तो उघडणार नाही. मराठी टायपिंगचं डोंगलवालं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, स्कॅनर, यांचे ड्रायव्हर आधी शोधा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. दुकानाचा हिशोब त्यावर असेल तर अपग्रेड करूच नका, दुसरं मशीन घ्या. जुनं इंटरनेटशिवाय हिशोबापुरतं वापरा.

बाकीच्या, थोडक्यात

अट चुकवून टाकणं: विंडोज ११ इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची अट काढून टाकता येते. अशा मशीनला अपडेटची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. स्वतःच्या प्रयोगाला ठीक, आईच्या लॅपटॉपवर नको.

क्रॅक वापरणं: विंडोज १० अस्सल आणि सक्रिय असेल, मशीन पात्र असेल, तर अपग्रेड फुकट आहे. मग अँटिव्हायरस बंद करून 'अॅक्टिव्हेटर' चालवायची हौस कशाला?

चांगलं मशीन भंगारात देणं: सातव्या पिढीचा पीसी, ८ जीबी रॅम, एसएसडी, वापर फक्त ब्राउझरचा? लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, टाका. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, डिस्कला धक्का न लावता.

लगेच साफसफाई: अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परतायला साधारण १० दिवस मिळतात. डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' वर टिक केली की तो रस्ता बंद.

चुकीची वेळ: रिटर्न भरायची किंवा प्रवेशाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्यावर असताना आज अपग्रेड. रविवारी सकाळी करा, लॅपटॉप चार्जरला लावून, पीसी असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर.

आणि मध्येच पॉवर बटण दाबणं. टक्केवारी एकाच आकड्यावर वीस मिनिटं थांबते, विशेषतः जुन्या डिस्कवर. मशीनवर डिस्कचा दिवा असेल आणि तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे, चहा घेऊन या. दिवा नसलेल्या लॅपटॉपवर मी दोन तास तरी वाट बघतो. त्यानंतरच बटणाला हात.