गुलाबी बोंडअळीवर दूरदूरच्या संशोधकांचे ऑनलाइन काम कसे जुळवावे

विदर्भातल्या कोरडवाहू कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आटोक्यात का येत नाही, याचे उत्तर एकट्या कीटकशास्त्रज्ञाजवळ नाही. २००६ मध्ये आलेल्या, अळीला मारक अशी दोन जनुके घातलेल्या बीटी वाणांना अळी जुमानेनाशी का झाली, हे अनुवंशशास्त्र सांगेल. शेतकरी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी राखलेली कपाशी, का ठेवतो, हे अर्थशास्त्राला विचारावे लागेल. आणि जिनिंगच्या आवारातल्या सरकीतून पतंग कधी निघतात, हे पाहायला गावातलाच माणूस हवा.

म्हणून समन्वयकाने आधी प्रश्न फोडावा. ‘अळी का वाढते?’ हा प्रश्न कोणालाच उचलता येत नाही. ‘जूनमध्ये आणि जुलैमध्ये पेरलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) पहिली डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेले फूल, कोणत्या आठवड्यात दिसते?’ हा एका हंगामात एकाला झेपतो.

त्यानंतरचे काम मोजणी एकसारखी करण्याचे आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री सरासरी ८ पतंग सापडले, तर ती आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करावा लागेल इतकी संख्या, समजतात. पण यवतमाळच्या गटाने रोजची आणि अकोल्याच्या गटाने आठवड्याची बेरीज लिहिली, तर दोन्ही आकडे खरे असूनही शेजारी मांडता येत नाहीत. सापळा पिकापेक्षा किती उंच, धुऱ्यापासून (बांधापासून) किती आत, ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) कधी बदलली, हे सारे पेरणीपूर्वीच एका पानावर ठरवावे. रिकाम्या सापळ्यापुढे शून्य लिहावे. मोजणीच झाली नसेल, तर तसे शब्दांत नोंदवावे.

रेंज नसलेल्या शेतात नोंद मोबाइलमध्ये साठून नंतर पाठवता यावी. व्हिडिओ बैठका मोजक्या ठेवून प्रत्येक निर्णय मराठीत लिहून सर्वांना द्यावा.

श्रेयाचे आरंभीच ठरवावे. २००९ मध्ये गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी एक अवघड प्रश्न सर्वांसमोर मांडला, तेव्हा अनेकांनी अर्धवट कल्पनाही उघडपणे लिहिल्या, उत्तर काही आठवड्यांत हाती आले आणि शोधनिबंध एका सामूहिक टोपणनावाने छापला गेला. अर्धवट कल्पना मांडण्याची ती मोकळीक आपणही घ्यावी. मात्र गणितातली चूक दुसऱ्या दिवशी खोडता येते, तर चुकलेली मोजणी पुढच्या खरिपापर्यंत पुन्हा करता येत नाही. म्हणून दर आठवड्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या सहकाऱ्याने आकडे तपासावेत.

ज्याच्या शेतात सापळा आहे, त्याला त्याचा आकडा त्याच दिवशी कळवावा, कारण फवारणीचा निर्णय शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबत नाही.