राउटर फॅक्टरी रीसेट करण्याआधी हाताशी काय काय हवं

राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालायची, दहा-पंधरा सेकंद दाबून धरायची, दिवे एकदम लुकलुकले की सोडायची. फॅक्टरी रीसेट म्हणजे एवढंच काम. पण तेवढ्या वेळात राउटरमध्ये आजवर भरलेली प्रत्येक सेटिंग पुसली जाते. त्यातली एक गोष्ट बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसते. जोडणी देताना इंटरनेट कंपनीचा माणूस आला होता, त्यानं काही मिनिटांत राउटरमध्ये एक यूजरनेम आणि पासवर्ड भरला आणि तो निघून गेला. ती जोडी हाती आल्याशिवाय पिनेला हात लावू नका. बाकीची तयारी थोडी मागेपुढे झाली तरी निभावतं, ही राहिली तर सगळं घर इंटरनेटशिवाय बसतं.

त्याही आधी रीसेटची खरंच गरज आहे का, ते बघून घ्या. नेट हळू झालंय, अधूनमधून तुटतंय, एवढीच तक्रार असेल तर राउटर स्विचवरून बंद करा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि पुन्हा सुरू करा. यात काहीच पुसलं जात नाही. फायबरची जोडणी असेल तर फायबरची तार जिथे येते त्या डब्यावरचा एलओएस लिहिलेला दिवा पाहा. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाशाचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये. दोष तारेत किंवा पलीकडे आहे आणि रीसेटनं तो जाणार नाही, कंपनीलाच कळवावं लागेल. फक्त वायफायचा पासवर्ड विसरला असेल तर आधीपासून जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर तो सापडतो. आजच्या बहुतेक फोनमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारली की पासवर्ड किंवा क्यूआर कोड दिसतो.

रीसेट खऱ्या अर्थानं लागतो तो मोजक्या वेळी. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड हरवला असेल. सेटिंगमध्ये इतका गोंधळ झाला असेल की काय बदललंय तेच उमगत नाही. राउटर दुसऱ्याकडून आला असेल किंवा दुसऱ्याला द्यायचा असेल. किंवा कुणीतरी बाहेरून आत शिरल्याची शंका असेल. हे शेवटचं कारण हलकं घेऊ नका. 2018 साली व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम जगभरातल्या लाखो घरगुती आणि छोट्या ऑफिसांच्या राउटरांत शिरला होता. अमेरिकेच्या एफबीआयनं तेव्हा लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्यानं त्या प्रोग्रामचे पुढचे टप्पे निघून जात, पण पहिला टप्पा राउटरमध्ये चिकटून राही. तो काढायला फॅक्टरी रीसेटच करावा लागे.

आता तयारी. सुरुवात राउटरच्या पोटाखालच्या लेबलापासून करा. त्यावर मॉडेलचं नाव, हार्डवेअरची आवृत्ती, सेटिंगच्या पानाचा पत्ता, मूळ यूजरनेम-पासवर्ड आणि मूळ वायफायचं नाव-पासवर्ड छापलेला असतो. रीसेटनंतर राउटर याच माहितीवर परत येणार. फोननं स्वच्छ फोटो काढा आणि मोठा करून वाचून बघा, कारण शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल यांची गल्लत इथेच होते. लेबल फाटलं किंवा पुसलं असेल तर मॉडेलच्या नावानं बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरची माहितीपुस्तिका आत्ताच फोनमध्ये उतरवून ठेवा, मागाहून शोधायला नेट नसेल. दुसरा फोटो मागच्या तारांचा. कुठली तार कुठल्या खाचेत होती, विशेषतः बाहेरून येणारी तार वॅन (म्हणजे बाहेरच्या इंटरनेटची) लिहिलेल्या खाचेत होती की आणखी कुठे, ते त्यात दिसलं पाहिजे.

यानंतर येतं सगळ्यात महत्त्वाचं पान. ॲडमिनचा पासवर्ड आठवत असेल तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा 192.168.0.1 किंवा 192.168.1.1, आणि वॅन किंवा इंटरनेट नावाचा विभाग उघडा. जोडणीचा प्रकार काय लिहिलाय ते पाहा. डायनॅमिक आयपी, म्हणजे कंपनीकडून पत्ता आपोआप मिळत असेल, तर तुम्ही नशीबवान, फारसं काही भरावं लागत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा ठरवून दिलेला पत्ता असेल, तर आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएसचे दोन पत्ते, हे सगळं जसंच्या तसं उतरवा. आणि पीपीपीओई, म्हणजे यूजरनेम-पासवर्डनं सुरू होणारी जोडणी असेल, तर तीच ती जोडी, यूजरनेम आणि पासवर्ड. यूजरनेम दिसतं, पासवर्डच्या जागी मात्र ठिपके असतात. शेजारी डोळ्याचं चिन्ह असेल तर दाबून बघा. नसेल तर ठिपक्यांवर विसंबू नका, कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावा आणि पासवर्ड विचारून घ्या किंवा नवा करून घ्या. फोन करताना ग्राहक क्रमांक आणि त्यांच्याकडे नोंदवलेला मोबाईल हाताशी ठेवा, तो मोबाईल घरातल्या दुसऱ्या कुणाचा असेल तर त्या व्यक्तीलाही शेजारी बसवा, कारण ओटीपी तिकडेच जातो.

त्याच फोनवर आणखी तीन प्रश्न विचारा. पहिला, व्हीलॅन आयडी लागतो का? एकाच तारेतली वेगवेगळी वाहतूक ओळखायचा हा 1 ते 4094 मधला एक आकडा असतो. तो लागत असेल आणि भरायचा राहिला तर यूजरनेम-पासवर्ड अचूक असूनही पलीकडून उत्तरच येत नाही, आणि माणूस तासभर पासवर्डलाच दोष देत बसतो. दुसरा, जोडणी राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळखक्रमांकाला, बांधलेली आहे का? जुना राउटर बदलताना कुणी त्याचा मॅक पत्ता नव्यात उतरवला असेल, तर रीसेटनंतर तो जाईल आणि कंपनी तुमचा राउटर ओळखणार नाही. तिसरा, राउटर कंपनीनं दिलेला असेल तर रीसेटनंतर सेटिंग त्यांच्याकडून आपोआप येतात की माणूस यावा लागतो? काही कंपन्या दुरून सेटिंग भरतात, काहींकडे फायबरच्या डब्याची नोंदणी नव्यानं करावी लागते. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर रीसेट फक्त वायफायच्या राउटरचा करा, डब्याच्या भोकाला अजिबात शिवू नका. घरचा टेलिफोन त्याच यंत्रातून चालत असेल तर त्याच्या सेटिंगही पुसल्या जातील. त्या तुमच्याकडून परत भरल्या जाण्याची शक्यता कमी, म्हणून तेही कंपनीला आधीच विचारा.

मिळालेली माहिती कागदावर लिहा. फोनमध्ये ठेवाच, पण कागदही हवा, आणि लहान-मोठी अक्षरं स्पष्ट कळतील असा.

सेटिंगमध्ये शिरलाच आहात तर बॅकअपची सोय बघा. बहुतेक राउटर सगळ्या सेटिंगची एक फाइल संगणकावर उतरवून देतात. ती सहसा त्याच मॉडेलवर चालते, फर्मवेअर (राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर) बदललं तर कधी नाकारलीही जाते. माझं मत असं की फाइल जरूर काढा, पण भिस्त तिच्यावर ठेवू नका. रीसेट गोंधळामुळे किंवा घुसखोरीच्या शंकेमुळे करत असाल तर ती परत भरूच नका, नाहीतर जे घालवायला निघालात तेच पुन्हा आत आणाल. शिवाय त्या फाइलमध्ये तुमचे पासवर्ड असतात, ती कुणालाही पाठवू नका. भिस्त ठेवायची ती पानापानांच्या फोटोंवर: वायफाय, डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारा विभाग), पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या एखाद्या यंत्रापर्यंत यायची वाट), मुलांसाठी लावलेल्या वेळा, पाहुण्यांचं वायफाय. यातलं काही कधी बदललंच नसेल तर सोडून द्या.

डीएचसीपीच्या पानावर मात्र थोडं थांबा. घरात प्रिंटर किंवा कॅमेरा असेल आणि त्याला कुणी ठरावीक पत्ता दिला असेल, समजा 192.168.1.50, तर तो टिपून ठेवा. रीसेटनंतर राउटरची पत्त्यांची मालिका 192.168.0 वर गेली तर प्रिंटर वायफायला जोडलेला दिसेल, पण छापायला सापडणार नाही. राउटरची मालिका पूर्वीसारखी केली की तो परत सापडतो.

आता नाव आणि पासवर्डचा निर्णय. हा रीसेटनंतर घाईत घ्यायचा नसतो, आत्ताच ठरवा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार या तिन्ही गोष्टी हुबेहूब पूर्वीच्या ठेवल्या तर घरातली बहुतेक यंत्रं आपणहून परत जोडली जातात. हुबेहूब म्हणजे अगदी अक्षराअक्षरानं. एक अक्षर लहानाचं मोठं झालं, नावात एक जागा जास्त सुटली, की ते नवं वायफाय ठरतं. घरात टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे, स्मार्ट दिवे भरपूर असतील तर हा मार्ग फार श्रम वाचवतो. पण पासवर्ड दहाजणांना कळलेला असेल, घुसखोरीची शंका असेल, तर श्रम पडले तरी नवाच घ्या. पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. तीन-चार असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड सांगायलाही सोपा आणि फोडायला अवघड. ॲडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा, तोही आजच ठरवून कागदावर उतरवा.

मग तो कागद घेऊन घरभर एक फेरी मारा आणि वायफायवर काय काय चालतं ते लिहा. फोन आणि लॅपटॉप सगळ्यांना आठवतात. राहून जातात ती भिंतीवरची आणि कोपऱ्यातली यंत्रं: दाराचा कॅमेरा, स्मार्ट प्लग, वजनकाटा, इन्व्हर्टरची नोंद ठेवणारी डबी. यांतली बरीचशी वायफायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि त्यांना नवं वायफाय शिकवायला त्यांचं ॲप आणि त्या ॲपचा पासवर्ड लागतो. तो आठवत नसेल तर आत्ताच, नेट चालू असताना, मिळवून ठेवा. मेश (एकत्र चालणारी अनेक वायफाय यंत्रं) असेल किंवा वरच्या खोलीत वायफाय पुढे नेणारा रिपीटर लावला असेल तर मुख्य राउटर रीसेट झाल्यावर ती यंत्रं नव्यानं जोडावी लागू शकतात, तेव्हा त्यांच्या लेबलांचेही फोटो घ्या.

वेळ निवडताना ग्राहकसेवा चालू असेल आणि घरात कुणाचं काम, परीक्षा किंवा डॉक्टरांशी व्हिडिओवरचं बोलणं नसेल अशी घ्या. घरातल्या वयस्कर माणसांना आधी सांगा. त्यांचा फोन घरात वायफायवरूनच लागत असेल तर तेवढ्या वेळापुरती दुसरी सोय करा. दुपारची दोन तासांची मोकळीक पुरते. वीज जायची-यायची शक्यता असलेला दिवस टाळा, कारण रीसेट किंवा फर्मवेअर चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. फर्मवेअर बदलायचं असेल तर फाइल आधीच उतरवून ठेवा, ती लेबलावरच्या हार्डवेअर आवृत्तीचीच असू द्या. रीसेटनं फर्मवेअर सहसा मागे जात नाही, फक्त सेटिंग जातात.

हत्यारं थोडीच लागतात. सिम काढायची पिन किंवा सरळ केलेली कागदाची क्लिप. सुई नको, ती आत घसरते. एक नेटवर्कची तार आणि ती लागेल असा लॅपटॉप असेल तर फार उत्तम, कारण वायफायचं नाव बदलताच फोन तुटतो, तार तुटत नाही. फोनवरूनच करायचं असेल तर मोबाईल डेटा तेवढ्यापुरता बंद करा. वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप डेटाकडे वळतो आणि राउटरचं पान उघडतच नाही.

पिन लावताना राउटर चालू असू द्या. काही राउटरांवर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता यंत्र जोडायची सोय) आणि रीसेटचं बटण एकच असतं, थोडं दाबलं तर एक आणि धरून ठेवलं तर दुसरं, म्हणून घाईनं सोडू नका. किती सेकंद धरायचं ते पुस्तिकेत पाहून ठेवलेलं असू द्या. त्यानंतर दोन-तीन मिनिटं काहीही करू नका, दिवे स्थिर होऊ द्या. मग लेबलावरच्या माहितीनं आत शिरा आणि पहिलं काम म्हणून ॲडमिनचा नवा पासवर्ड टाका. 2016 साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामच्या हल्ल्यात लाखो यंत्रं हातची गेली ती कारखान्यातले मूळ पासवर्ड तसेच राहिल्यामुळे. पुढे इंटरनेटची माहिती, मग वायफायचं नाव-पासवर्ड. सुरक्षेचा प्रकार पूर्वीचाच ठेवायचा नसेल तर डब्ल्यूपीए2 आणि त्यानंतरचा डब्ल्यूपीए3 असा मिश्र ठेवा, नुसती डब्ल्यूपीए3 केली तर जुनी यंत्रं बाहेर राहतात. डब्ल्यूपीएस आणि बाहेरून राउटर चालवायची सोय बंद करा. घड्याळाचा टाइम झोन तपासा. तो चुकला तर मुलांसाठी लावलेल्या वेळा भलत्याच तासाला लागू होतात.

राउटर दुसऱ्याला द्यायचा असेल तर यातलं बरंचसं लागत नाही. तुमची पीपीपीओईची माहिती नव्या राउटरमध्ये चालते याची खात्री झाल्यावरच जुना रीसेट करा, आणि बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये तो तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर तिथूनही काढून टाका. रीसेटनंतर एकदा सुरू करून वायफायचं नाव लेबलावरचंच दिसतंय ना, ते पाहा. तुमचंच जुनं नाव दिसलं तर पिन पुरेशी धरली गेली नव्हती.