तयार होणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान कसे काढावे?

कोल्हापूरजवळची हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून उदाहरणही चांदीचेच घेऊ. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तांब्याची पट्टी बुडवली की तांबे विरघळत जाते आणि चांदी मोकळी होऊन पट्टीवर साचते. ५१ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट असलेल्या द्रावणात १२.७ ग्रॅम तांबे टाकले, तर चांदी जास्तीत जास्त किती मिळेल?

प्रथम संतुलित समीकरण लिहावे. येथे तांब्याच्या १ मोलला (मोल म्हणजे कण मोजण्याचे एकक; एका मोलचे ग्रॅममधले वजन अणु- किंवा रेणुवस्तुमानाइतके असते) सिल्व्हर नायट्रेटचे २ मोल लागतात आणि त्यातून चांदीचे २ मोल मिळतात.

नंतर ग्रॅमचे मोल करावेत. तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५ असल्याने १२.७ ग्रॅम म्हणजे ०.२ मोल; सिल्व्हर नायट्रेटचे रेणुवस्तुमान १७० असल्याने ५१ ग्रॅम म्हणजे ०.३ मोल.

बहुतेकांची चूक होते ती यापुढे. ग्रॅम पाहिले तरी तांबे कमी, मोल पाहिले तरी तांबेच कमी. त्यामुळे तांबे आधी संपेल असे वाटते, पण तसे होत नाही. एका प्लेट मिसळीला दोन स्लाइस द्यायच्या असतील आणि मिसळ २० प्लेट, स्लाइस मात्र ३० असतील, तर आकडा मोठा असूनही स्लाइसच आधी संपतात आणि १५ गिऱ्हाइकांवर काम थांबते. म्हणून प्रत्येक पदार्थाच्या मोलना समीकरणातील त्याच्या सहगुणकाने, म्हणजे त्याच्यापुढे लिहिलेल्या मोलच्या आकड्याने, भागावे आणि मगच तुलना करावी. तांब्यासाठी ०.२ भागिले १ म्हणजे ०.२, तर सिल्व्हर नायट्रेटसाठी ०.३ भागिले २ म्हणजे ०.१५ येतात. लहान आकडा ज्याचा, तो मर्यादक अभिक्रियाकारक, म्हणजेच अकरावीच्या वर्गात सर्रास म्हटला जाणारा लिमिटिंग रिएजंट. येथे तो सिल्व्हर नायट्रेट आहे.

पुढचा हिशेब केवळ त्याच्यावरून करावा. ०.३ मोल सिल्व्हर नायट्रेटपासून ०.३ मोल चांदी मिळते आणि चांदीचे अणुवस्तुमान १०८ असल्याने तिचे वस्तुमान ३२.४ ग्रॅम भरते. तांबे ०.१५ मोल, म्हणजे सुमारे ९.५ ग्रॅम खर्च होते व सुमारे ३.२ ग्रॅम उरते.

ही झाली कागदावरची चांदी. गाळताना आणि धुताना थोडी हातची जातेच, प्रत्यक्ष ३०.७८ ग्रॅम मिळाली, तर उतारा, म्हणजे कागदावरच्या ३२.४ ग्रॅमपैकी हाती आलेला भाग, ९५ टक्के झाला. साखर कारखान्याचा उतारा मात्र गाळलेल्या उसाच्या वजनावर काढतात, त्यामुळे ते दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.