अरावायपाला जायच्या आधी: आपल्या दोघींची तयारीची यादी

अगं, पहिलं काम परमिटचं, ते हातात आल्याशिवाय बाकी काही घेऊ नकोस. अ‍ॅरिझोनातल्या अरावायपा कॅन्यनमध्ये, म्हणजे ओढ्याच्या त्या खोल घळीत, दिवसाला फक्त 50 माणसं सोडतात, पश्चिमेकडून 30 आणि पूर्वेकडून 20, एका दिवसात जाऊन यायचं असलं तरी परमिट लागतंच, आणि बुकिंग साधारण तीन महिने आधी उघडतं, त्यामुळे नोव्हेंबरमधला शनिवार हवा तर ऑगस्टमध्येच लॅपटॉप उघडून बसायचं. आपण पश्चिमेकडून जाऊ, फीनिक्सजवळच्या चॅंडलरहून तेच सोयीचं आहे. परमिटची प्रिंट काढून ठेव, तिथे फोनला रेंज नसते. आणि तुझ्या कुत्र्याची सोय आधीच बघ, त्याला आत नेता येत नाही.

आता बुटांचं, आणि हे मात्र नीट वाच. वाळवंट म्हटलं की आपण उन्हाची तयारी करतो, पण इथे पायवाट अशी फारशी नाहीच, ओढा हीच वाट, कधी घोट्याएवढं पाणी, कधी गुडघ्यापर्यंत, आणि पाय दिवसभर ओलेच. वॉटरप्रूफ बूट अजिबात नको, एकदा पाणी आत गेलं की बाहेर येत नाही. जुने जाळीचे ट्रेल शूज आण, आत लोकरीचे मोजे. मागच्या वेळी मी सँडल घातल्या होत्या, तर बारीक खडी पट्ट्याखाली जाऊन बसायची, दर दहा मिनिटांनी एका पायावर उभं राहून ती झटकायची, आणि दुपारपर्यंत टाचेवरची कातडी सोलवटली होती. म्हणून मोज्यांची एक जादा जोडी झिपलॉकमध्ये, ब्लिस्टरची पट्टी, आणि एक काठी, कारण गढूळ जागी पुढचं पाऊल किती खोल जाणार ते काठीच सांगते.

प्यायला तीन-तीन लिटर घरूनच नेऊ. फिल्टर मी घेते, ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नकोस, त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, गूळ-शेंगदाणे, घामाने मीठ जातं त्यामुळे नुसत्या बिस्किटांवर भागत नाही. एक छोटा कंगवा ठेव, चोया कॅक्टसचा काटेरी गोळा कापडाला चिकटला तर हाताने न ओढता कंगव्याने उडवायचा. टोपी, सनस्क्रीन, हलकं जॅकेट हे तुला सांगायला नको.

आदल्या रात्री हवामान बघायचं, पण फक्त आपल्या डोक्यावरचं नाही, वरच्या डोंगरांत पाऊस आहे का ते. तिकडे कोसळला तर इथे लख्ख ऊन असतानाही लोंढा येतो, त्यामुळे पाणी अचानक गढुळलं किंवा काड्या-पानं वाहत यायला लागली की सामान गोळा करत बसायचं नाही, सरळ उंचावर चढायचं. अंदाजात पाऊस असेल तर मी रद्द करणार, परमिट गेलं तर गेलं. तुझ्या नवऱ्याला वेळापत्रक लिहून दे, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळवायचं तेही.

सुपीरिअर गावाहून 177 नंबरच्या हायवेने विंकलमन, तिथून 77 नंबरच्या हायवेने दक्षिणेकडे, मग डावीकडे अरावायपा रोड, शेवटचा तुकडा कच्चा. गाडीत गॅस विंकलमनच्या आधीच फुल करू. पूर्ण कॅन्यन साधारण 12 मैल, ते एका दिवसात जाऊन-येऊन करायच्या फंदात पडायचं नाही, पाण्यात चाल निम्म्यावर येते, आणि नोव्हेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, भिंतींच्या मध्ये तर त्याच्याही आधी. बरोबर साडेबाराला वळायचं, कुठेही असलो तरी. हेडलॅम्प तरीही दोघींकडे हवा.

दुर्बीण आण, कड्यांवर मोठ्या शिंगांच्या रानटी बिगहॉर्न मेंढ्या दिसतात. तेव्हा कॉटनवूडची झाडं पिवळी झालेली असतील, त्यांची पानं वाऱ्यावर अगदी पिंपळासारखी सळसळतात. गाडीत टॉवेल, कोरड्या चपला आणि थर्मासमध्ये चहा, साखर कमी घालते.